सुटणाऱ्या गाठींचे प्लॅस्टिक

प्लॅस्टिकची पिशवी वर्षानुवर्षे कुजत नाही, कारण तिच्यातील रेणूंच्या लांब साखळ्या पक्क्या रासायनिक बंधांनी जखडलेल्या असतात. मला आज बोलायचे आहे ते सुटू शकणाऱ्या गाठींविषयी.

१९९७ साली नेदरलँड्समधील आइंडहोवनच्या संशोधकांनी असे छोटे रेणू बनवले, की ते शेजारच्या रेणूला चार हायड्रोजन बंधांनी आपणहून धरतात. एकेक बंध दुबळा, पण चार मिळून पकड घट्ट! साखळी तापवली की सुटत जाते, थंड झाली की पुन्हा जुळते. हेच सुप्रामॉलिक्युलर पॉलिमर. २००८ मध्ये पॅरिसच्या लुडविक लाइब्लर यांच्या गटाने याच तत्त्वावर रबर केले. ते कापून तुकडे नुसते दाबून धरले, की पुन्हा सांधतात.

२०२४ मध्ये जपानच्या रिकेन संस्थेत ताकुझो आयदा यांच्या गटाने तयार केलेले प्लॅस्टिक तर समुद्राच्या पाण्यात विरघळते. त्याच्या गाठी विरुद्ध विद्युतभारांच्या आकर्षणाच्या. खाऱ्या पाण्यातले क्षार त्या सोडवतात. वापरताना मात्र त्याला पाणी अडवणारा लेप लागतो.

टिकाऊ वस्तू करायला आपण केव्हाच शिकलो. काम संपल्यावर तिच्या गाठी सोडवायच्या कशा, हे शिकणे मला आज अधिक निकडीचे वाटते.