खोटी स्ट्राइक आली तर



2019 च्या जानेवारीत माइनक्राफ्ट या खेळाचे व्हिडिओ करणाऱ्या एका तरुणाला निरोप आला. तुझ्या यूट्यूब चॅनलवर स्ट्राइक आम्हीच टाकल्या. पेपॅलने 150 डॉलर दे, बिटकॉइनने देणार असशील तर 75 चालतील. स्ट्राइक म्हणजे कॉपीराइट मोडल्याच्या तक्रारीवरून चॅनलवर पडणारी ताकीद. तोवर त्याच्यावर अशा दोन स्ट्राइक पडल्या होत्या. नव्वद दिवसांत तिसरी पडली, की यूट्यूब चॅनलच बंद करू शकतं. ही चक्क खंडणी होती. त्या व्हिडिओंवर तक्रारदाराचा काडीचाही हक्क नव्हता.

असं होऊ शकतं, कारण अमेरिकेच्या 1998 च्या डीएमसीए या कॉपीराइट कायद्यानुसार, तक्रार येताच व्हिडिओ तातडीने काढणाऱ्या कंपनीवर जबाबदारी येत नाही. मग कंपनी आधी व्हिडिओ उतरवते. ज्याचं गाणं खरोखर चोरीला गेलं, त्याला ही सोय हवीच. पण लबाडाच्या हाती तीच काठी होते.

तुमच्यावर अशी वेळ आली, तर एक दमडीही देऊ नका. धमकीचे स्क्रीनशॉट काढून ठेवा. घाबरून व्हिडिओ डिलीट करू नका, त्याने स्ट्राइक जात नाही. आधी नोटीस नीट वाचा. नुसता कंटेंट आयडी क्लेम असेल, म्हणजे यूट्यूबच्या यंत्रणेने आपोआप जुळणी शोधून केलेला दावा असेल, तर बहुधा जाहिरातीचे पैसे दुसऱ्याकडे जातात, चॅनलला धोका नसतो. स्ट्राइक असेल आणि व्हिडिओ खरंच तुमचा असेल, तर काउंटर नोटिफिकेशन, म्हणजे तक्रार चुकीची असल्याचं सांगणारा अर्ज पाठवा. तक्रारदाराने कामकाजाच्या दहा दिवसांत कोर्टात गेल्याचा पुरावा दिला नाही, तर व्हिडिओ परत येतो. मात्र त्या अर्जातला मजकूर शपथेवर असतो. दुसऱ्याचं गाणं उचललं असेल, तर या वाटेला जाऊ नका.

आता जरा कान देऊन ऐका. त्या अर्जातलं तुमचं नाव आणि पत्ता तक्रारदाराकडे जातो. वर सांगितलेल्या प्रकरणात यूट्यूबने नेब्रास्कातल्या एका माणसावर दावा लावला. त्यात म्हटलं होतं, की एका निर्मात्याने असा अर्ज पाठवला आणि काही दिवसांतच कुणीतरी खोटी खबर देऊन त्याच्या घरी पोलीस धाडले. पुढे त्या माणसाने 25,000 डॉलर देऊन आणि जाहीर माफी मागून प्रकरण मिटवलं. म्हणून समोरचा माणूस धमक्या देणारा वाटला, तर अर्ज वकिलामार्फतच करा. घरात लहान मुलं, म्हातारी माणसं असतात. दोन पैसे जास्त गेले तरी चालतील.

आपल्याकडच्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यातही आधार आहे. कलम 52 प्रमाणे, मजकूर तात्पुरता साठवणाऱ्या सेवेने तक्रारीवरून तो रोखला आणि 21 दिवसांत कोर्टाचा आदेश आला नाही, तर तिला तो पुन्हा खुला करता येतो. आणि बिनबुडाची कायदेशीर धमकी देणाऱ्यावर कलम 60 खाली दावा लावता येतो, नुकसानभरपाई मागता येते. हे कलम फार थोड्यांना माहीत असतं, याचं मला वाईट वाटतं.

आज एवढं करा. मोबाइलमधलं न कापलेलं मूळ चित्रीकरण, तारखेसकट, दुसऱ्या एखाद्या हार्ड डिस्कवर उतरवून ठेवा. व्हिडिओ तुमचा असल्याचा पुरावा मागितला, की तेच दाखवता येतं.