ढाल कुणाला?

लढाऊ यंत्राचा आराखडा काढणारा माणूस नकळत आत बसणाऱ्याच्या जिवाचीही किंमत ठरवत असतो. श्रोतेहो, हे मला उमगलं ते कॉम्प्युटरवरच्या दोन खेळांमुळे.

‘स्टार वॉर्स’ चित्रपटांवर बेतलेले हे खेळ लॉरेन्स हॉलंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केले. ‘एक्स-विंग’ १९९३ सालचा, ‘टाय फायटर’ १९९४ सालचा. पहिल्यात आपण बंडखोरांचे वैमानिक असतो, दुसऱ्यात साम्राज्याचे. माझ्या भाच्याला जुन्या खेळांचा नाद. त्याच्याशेजारी बसून मीही ही यानं उडवायला शिकलो.

बंडखोरांचं एक्स-विंग घ्या. चार लेझर तोफा, सहा टॉर्पेडो, भोवती ऊर्जेची अदृश्य ढाल, दूरच्या ताऱ्यांकडे झेप घेणारा हायपरड्राइव्ह आणि पाठीशी एक यंत्रमानव. शक्ती मात्र मोजकीच. ढाल आणि तोफा भरायला घेतल्या, की वेग मंदावतो. गरिबाच्या घरात एकाच पगारात किराणा, औषध आणि फी बसवावी, तसा हा हिशेब लढता लढता करावा लागतो.

साम्राज्याचं टाय फायटर हलकं आणि चपळ. दोन तोफा, ढाल नाही, हायपरड्राइव्हही नाही. आपल्या मोठ्या जहाजाशिवाय परतीची वाटच नाही. थोडे फटके बसले, की खेळ खलास. भाच्याने पहिल्याच दिवशी बजावलं, “मामू, यात मार खायचा नाही, चुकवायचा!”

ढाल असलेली यानं साम्राज्याकडे नाहीत असं नाही. असॉल्ट गनबोट आहे, टाय डिफेंडर आहे. डिफेंडर तर बंडखोरांच्या यानांनाही भारी. पण ते हाती येतं खेळात बरंच पुढे गेल्यावर. म्हणजे ज्याला ढालीची सर्वांत जास्त गरज, तो नवखा पोर उघडा आणि मुरलेला गडी चिलखतात.

हे निव्वळ कल्पनेतलं नाही. हॉलंड यांचाच १९८८ सालचा खेळ आहे, ‘बॅटलहॉक्स १९४२’. त्यात पॅसिफिक महासागरावरची अमेरिका-जपानची हवाई युद्धं आहेत. जपानचं ‘झिरो’ विमान वळायला चपळ आणि पल्ल्याला लांब. पण हे साधण्यासाठी वजन कमी केलेलं. सुरुवातीच्या झिरोत वैमानिकामागे पोलादी पत्रा नव्हता आणि गोळीचं भोक आपोआप बुजवणारी इंधनटाकीही नव्हती. अमेरिकेचं ‘वाइल्डकॅट’ त्यामानाने जड, पण मार सोसणारं. युद्ध लांबलं तसे जपानचे कसलेले वैमानिक संपत गेले आणि त्यांची जागा अर्धशिक्षित मुलांनी घेतली. कारणं अनेक होती. न बसवलेला तो पत्रा त्यांतलं एक.

खरं सांगू? उडवायला मला टाय फायटरच जास्त आवडतं. कवीला हलकेपणाची ओढ असतेच. आम्हीही ओळीतला शब्द न् शब्द तासत असतो. पण कवितेतला शब्द काढल्याने कुणाचा जीव जात नाही.

मुलं असे खेळ खेळताना कोणतं यान वेगवान, कुणाच्या तोफा जास्त, याची तुलना हिरिरीने करतात. करू द्या. त्यांच्याशेजारी बसलात तर एक रकाना वाढवून घ्या : आत बसलेला घरी परत यावा, यासाठी बनवणाऱ्याने काय ठेवलं आहे?