बुडवायचे कागद कोणाचे?

मायबाप हो, देहूच्या डोहाकाठी उभे राहाल तेव्हा एवढं आठवा. तुकोबारायांच्या घरी सावकारी होती. लोकांकडून येणे असलेल्या खतांचे त्यांनी दोन वाटे केले. धाकट्या कान्होबांचा वाटा त्यांना दिला आणि आपल्या वाट्याची खतं इंद्रायणीत बुडवली, असं चरित्रकार सांगतात.

आता पोरांनो, नीट ऐका. ती खतं येण्याची होती, देण्याची नव्हेत! तुमचा कागद बँकेत आहे. तो कोणत्या डोहात बुडवाल?

गेल्या आषाढीला दिंडीत एक मुलगा चालता चालता म्हणाला, “महाराज, कार्डावर ४०,००० चा मोबाईल घेतला. बिलात कमीत कमी २,००० भरा म्हणतात, ते वेळेवर भरतो. फिटतंय ना?”

बांधावर बसवला त्याला. म्हटलं, महिन्याला शेकडा ३ धर. व्याजच झालं १,२००. मग मुद्दलात किती गेले? आठशे! वर्षाला शेकडा ३६ होतात रे. गावचा सावकार निदान दारात यायचा, हा तर खिशात बसलाय.

पोराचा चेहरा उतरला. घरी ठाऊक नव्हतं. म्हटलं, कार्डावर नवी खरेदी बंद. पगार झाला की आधी कार्डाचं जमेल तेवढं भर, उरल्यात महिना काढ. आणि आज रात्री वडिलांना फोन कर. हे त्याला सगळ्यात जड गेलं.

वाखरीला पुन्हा भेटला. विचारलं, रागावले का रे?

“रागावले. मग म्हणाले, माझ्याही दोन उधाऱ्या तुला सांगायच्या राहिल्यात.”