जिभेची गाठ : लांबी किती, खोली किती?



गुरुग्राममध्ये मोठमोठी रुग्णालये हाकेच्या अंतरावर आहेत. तरीही जिभेच्या कडेचा न भरणारा व्रण तिथेसुद्धा महिनोन्‌महिने टोचऱ्या दातावर ढकलला जातो. पुढे कर्करोगाची गाठ निघाली, की घरचे विचारतात, "केवढी होती हो?"

पॅथॉलॉजिस्टला त्याहून महत्त्वाचा वाटतो दुसरा प्रश्न: किती खोल गेली होती? गाठीचा मेणात बसवलेला तुकडा केसाहून पातळ कापतात, काचपट्टीवर घेऊन निळ्या-गुलाबी रंगात रंगवतात. शेजारच्या निरोगी अस्तराची पातळी धरून, गवंड्याने ओळंबा सोडावा तशी, गाठीच्या तळापर्यंत सरळ रेघ मोजतात. 2018 पासून रूढ झालेल्या वर्गवारीत दोन सेंटिमीटरांच्या आतली गाठसुद्धा पाच मिलिमीटरांपेक्षा खोल गेली असेल, तर ती सर्वांत लहान गाठींच्या 'टी-1' गटात राहत नाही.

खोलीइतकीच गाठीची पुढची कड बोलकी असते. तिथे पेशी एकसंध सरकताहेत, की एकेकट्या वा जास्तीत जास्त चारच्या पुंजक्यांनी सुटून स्नायूंत शिरल्या आहेत? या सुटण्याला 'ट्यूमर बडिंग' म्हणतात. पेशींनी मज्जातंतूला वेढा घातला आहे का, बारीक वाहिन्यांत त्या उतरल्या आहेत का, हेही पाहतात. अशा खुणा दिसल्या, तर आजार मानेतल्या लसीकाग्रंथींत पोचण्याची किंवा उलटण्याची भीती वाढते.

मानेतल्या या ग्रंथी आधीच काढायच्या की आजार दिसेपर्यंत थांबायचे, या जुन्या वादाचे सर्वांत ठोस उत्तर मुंबईतून आले.  परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. अनिल डिक्रूझ आणि सहकाऱ्यांनी तोंडाच्या सुरुवातीच्या कर्करोगाच्या 500 रुग्णांचा अभ्यास केला. त्यांत बहुतेक जिभेचेच होते. काहींच्या मानेतल्या ग्रंथी पहिल्याच शस्त्रक्रियेत काढल्या, बाकीच्यांच्या आजार तिथे दिसल्यावर. तीन वर्षांनी पहिल्या गटात 80 टक्के रुग्ण हयात होते, दुसऱ्यात 67.5 टक्के. 2015 साली हे निष्कर्ष जगासमोर आले. गाठ दिसायला लहान आहे, म्हणून मान सोडून देणे किती महागात पडते, ते या आकड्यांत दिसते.

तेव्हा शस्त्रक्रियेनंतरचा अहवाल फाइलमध्ये नुसता लावून ठेवू नका. खोली किती मिलिमीटर, मज्जातंतूंत शिरकाव आहे का, कापून काढलेल्या भागाच्या कडा कर्करोगापासून मोकळ्या आहेत का, हे डॉक्टरांना विचारा. आणि तोंडातला व्रण तीन आठवड्यांत भरला नाही, तर लगेच दाखवा. तंबाखू खात नसलात, तरीही.