घरातली नावे



हल्ली बारशाच्या नावासाठी पुस्तके विकत आणतात. माझ्या मते नावे आपल्या घरातच आहेत. समई, पणती, ओंजळ, परडी. हाक मारून पाहा! हसू नका, साखरबाई, केशरबाई आपल्या आज्यापणज्यांत होत्याच की. (खलबत्ता मात्र कुणी ठेवू नये!)

पूर्वी मुले जगत नसत, तेव्हा दृष्ट लागू नये म्हणून दगडू, धोंडू, केरबा म्हणत. स्त्रियांसाठी १९१६ साली विद्यापीठ काढणारे महर्षी कर्वे, तेही धोंडोच. त्या ओबडधोबड हाकेत माया होती.

पण ‘नकुशी’ हाही रोजच्या बोलण्यातलाच शब्द. मुलगा हवा होता, मुलगी झाली, म्हणून ठेवलेला. २०११ साली सातारा जिल्ह्यात अशा २८५ मुलींची नावे समारंभाने बदलली. तोवर हजेरीला रोज ते नाव ऐकून ‘हजर’ म्हणायचे, म्हणजे काय झाले असेल त्या पोरींचे!

येत्या बुधवारी माझ्या धाकट्या भावाच्या तिसऱ्या मुलीचे बारसे आहे. घरात कुणी फारसे बोलत नाही. आत्या या नात्याने नाव मीच ठेवणार. समई ठरवले आहे. सगळ्याजणी घुगऱ्या खायला या.