दंड चालकाला, मोकळीक कंपनीला



२०२५ च्या मार्च महिन्यात मुंबईहून पुण्याकडे निघालेल्या एसटीच्या ई-शिवनेरी गाडीचा चालक मोबाइलवर क्रिकेटचा सामना पाहत गाडी हाकीत असल्याचे एका प्रवाशाच्या ध्यानी आले. त्याने चित्रफीत काढून थेट राज्यकर्त्यांकडे धाडली. पुढचे वृत्त सर्वांनी वाचलेच असेल. चालक बडतर्फ झाला. आणि ज्या खाजगी कंपनीची ती भाडेतत्त्वावरील गाडी होती, त्या कंपनीस ५,००० रुपये दंड झाला. चालकाचा अपराध गंभीर होता, याविषयी दुमत संभवत नाही. भरल्या गाडीतील माणसांचे प्राण त्याच्या हाती होते. परंतु एकाची भाकर गेली आणि दुसऱ्याचा पाच हजारांत निकाल लागला, हा हिशेब श्रमिकांच्या पक्षाने मुकाट्याने मान्य करावा काय?

प्रथम कायद्याचे स्वरूप पाहू. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने वाहन चालविताना हातात संपर्कसाधन धरणे हे कलम १८४ अन्वये धोकादायक वाहनचालन ठरविले. पहिल्या गुन्ह्यास १,००० ते ५,००० रुपये दंड किंवा कारावास अशी तरतूद झाली. ही दुरुस्ती देशात त्या वर्षीच्या सप्टेंबरात अंमलात आली, पण दंडाच्या रकमांवरून ओरड होताच महाराष्ट्र शासनाने हात आखडता घेतला. तडजोडीच्या दंडाचे नवे दर येथे लागू व्हावयास २०२१ चा डिसेंबर उजाडला. लोकानुनय तो हाच.

मधल्या काळात रस्त्यावरचे मरण थांबले नव्हते. २०२१ मध्ये देशभरात १,५३,९७२ माणसे अपघातांत दगावली. त्यांपैकी १,०४० मृत्यू मोबाइलच्या वापरामुळे झाल्याचे सरकारी अहवाल सांगतो. हा आकडा तुटपुंजा आहे, हे उघडच आहे. धडक दिल्यानंतर आपण फोनवर होतो, असे कोणता चालक पंचनाम्यात सांगेल? ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सोळा-सतरा मीटर पुढे जाते. दोन सेकंद नजर पडद्यावर गेली, की तेहतीस मीटर रस्ता आंधळेपणाने कापला गेला. तेवढ्या अंतरात शाळेतून सुटलेले पोर रस्ता ओलांडते.

म्हणून कायदा शिथिल करा, अशी मागणी कोणाही समाजवाद्याने करू नये. रस्त्यावर सर्वाधिक उघडा असतो तो पायी चालणारा, सायकलवाला आणि दुचाकीवरचा कामगार. कायद्याचे पहिले संरक्षण त्यालाच हवे.

प्रश्न आहे तो अंमलबजावणीचा. रकमेच्या धाकापेक्षा सापडण्याच्या खात्रीचा धाक मोठा असतो. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स राज्याने २०१९ च्या डिसेंबरात मोबाइल टिपणारे कॅमेरे बसविले, आणि पहिले तीन महिने दंड न करता केवळ इशाऱ्याची पत्रे धाडली. लोकांना आधी ठाऊक करून द्यावे, मग समान नियमाने पकडावे, ही रीत होय. आपल्याकडे काय घडते? चौकात आडोशाला उभ्या राहिलेल्या शिपायाला दुचाकीवाला सोपा सापडतो. काळ्या काचांमागचा साहेब सापडत नाही. खाजगी मोबाइलवर छायाचित्रे काढून मागाहून दंड चढविण्याचा प्रकार इतका बोकाळला, की वाहतूकदारांच्या तक्रारींनंतर २०२५ च्या जुलैत पोलिसांना तशी मनाई करणारे आदेश वरिष्ठांना काढावे लागले. मोबाइलचा गुन्हा पकडणाऱ्याच्या हातीही मोबाइलच! अशाने कायद्याचा दरारा वाढत नाही. त्याची चेष्टा होते.

कायद्याच्या शब्दांतही वर्गभेद दडलेला आहे. बंदी आहे ती हातात धरण्याला. गाडीतच ध्वनिक्षेपक बसविलेला कारखानदार घाट उतरताना तासभर सौदे करीत राहिला, तरी या शब्दांच्या कक्षेत तो येत नाही. वस्तुतः टोरांटोतील चालकांविषयी १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात फोनवर बोलताना अपघाताचा धोका सुमारे चौपट आढळला, आणि हात मोकळे ठेवणाऱ्या साधनांनी तो उणावल्याचे दिसले नाही. लक्ष विचलित होते ते संभाषणाने.

आणि घरोघर जेवण पोहोचविणारा तरुण? फोन हेच त्याचे हजेरीपुस्तक, तोच त्याचा मुकादम. केंद्रीय नियमांतील बदलाने १ ऑक्टोबर २०२० पासून रस्ता शोधण्यापुरता फोन वापरण्यास मुभा मिळाली, तीही चालकाचे चित्त विचलित होणार नाही अशा बेताने. पण नकाशा ज्या पडद्यावर, त्याच पडद्यावर नव्या कामाची घंटा वाजते. ती क्षणार्धात स्वीकारली नाही तर काम दुसऱ्याकडे जाते. घंटा वाजविणारा वातानुकूलित कचेरीत सुरक्षित असतो. पावती फाटते ती दुचाकीवाल्याच्या नावाने, आणि त्या दिवसाची कमाई तिच्यात जाते.

तो फोन चालत्या गाडीवर वाजूच नये, अशी व्यवस्था करणे कंपनीला अशक्य नाही. गाडी किती वेगाने धावते आहे हे तिला क्षणाक्षणाला कळत असते. प्रवासी वाहतूक करणाऱ्या अशा कंपन्यांना परवाना घेणे २०१९ च्याच दुरुस्तीने कलम ९३ खाली बंधनकारक केले. परवाना आला की अटी घालण्याचा अधिकार राज्याकडे येतो. गाडी थांबल्याखेरीज नवे काम पडद्यावर येऊ नये; काम नाकारल्याबद्दल चालकास शिक्षा नसावी; आणि कंपनीच्या घंटेमुळे झालेल्या गुन्ह्याचा दंड कंपनीने भरावा. जेवण व किराणा पोहोचविणाऱ्या कंपन्यांनाही हेच बंधन लागू झाले पाहिजे. एसटीनेही भाड्याच्या गाड्यांचे करार करताना कंपनीचा दंड पाच हजारांवर का थांबतो, याचा जाब दिला पाहिजे.

जिल्हा कचेऱ्यांनी या महिन्यात परिवहन कार्यालयांवर जी निवेदने न्यावयाची आहेत, त्यांत या अटी कलमवार लिहाव्यात. निवेदन नेताना रिक्षाचालक, एसटीचे कामगार आणि पिशव्या पाठीवर घेऊन फिरणारी ही मुले सोबत असावीत. आणि शिष्टमंडळाच्या जीपचा चालक वाटेत असताना, कोठवर आलात म्हणून त्याला कचेरीतून कोणी फोन लावू नये.