कॉलेजची शिष्यवृत्ती कोणाला मिळते?

(आसेगाव येथे प्रौढांच्या वर्गापुढे केलेले भाषण)



आज मी पैशाची गोष्ट सांगणार आहे. हा पैसा कर्जाचा नाही. तो सावकाराला फेडायचा नाही, बँकेलाही फेडायचा नाही. तो तुमच्या लेकरांच्या शिक्षणाचा पैसा आहे. पण तो मागावा लागतो, आणि मागण्याची एक रीत आहे.

दर उन्हाळ्यात घरोघरी एकच प्रश्न असतो. पोर बारावी पास झालं, आता पुढं कसं? सोयाबीनचा पैसा उधारीत गेला. तुरीचा पैसा लग्नात गेला. मग पोरगी घरी बसते आणि पोरगा कामाला शहरात जातो. बाप म्हणतो, "आपल्या नशिबात नाही." बाप्पाहो, इथं नशिबाचा संबंध नाही. पुष्कळदा फक्त एक कागद कमी असतो.

एक जुनी गोष्ट ऐका. १९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी बाबासाहेब आंबेडकरांना अमेरिकेत शिकण्यासाठी शिष्यवृत्ती दिली. ती तीन वर्षांची होती. तिलाही अट होती. शिकून आल्यावर बडोदा संस्थानची दहा वर्षे नोकरी करावी, असा करार होता. पुढे बाबासाहेब सरकारात मजूरमंत्री असताना, १९४४ साली, अनुसूचित जातींच्या मुलांसाठी मॅट्रिकनंतरची सरकारी शिष्यवृत्ती सुरू झाली. ती आजही चालू आहे. म्हणजे अट तेव्हाही होती, आजही आहे. अट आधी समजून घेतली, की तिची भीती राहत नाही.

आता अटी एकेक करून पाहू.

पहिली अट उत्पन्नाची. आईबापांचे वर्षाचे उत्पन्न ठरलेल्या मर्यादेच्या आत हवे. अनुसूचित जातींच्या शिष्यवृत्तीला २०२१ च्या नियमांत ही मर्यादा २ लाख ५० हजार रुपये आहे. राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची फीसवलतीची योजना आहे. तिची मर्यादा ८ लाख रुपये आहे, आणि घरातल्या पहिल्या दोन मुलांनाच ती मिळते. उत्पन्नाचा दाखला तहसीलदार देतात. आपल्याला त्यासाठी मंगरुळपीरचे तहसील कार्यालय. दाखल्यावर तारीख असते. मुदत संपलेला दाखला चालत नाही.

दुसरी अट जातीच्या दाखल्याची. ज्या योजना राखीव वर्गासाठी आहेत, त्यांना तो लागतो. व्यावसायिक शिक्षणाला, म्हणजे इंजिनिअरिंग, डॉक्टरकी अशा शिक्षणाला, जात पडताळणीही लागते. तिला वेळ जातो. म्हणून लेकरू अकरावीत गेले, की लगेच अर्ज करा. निकालाची वाट पाहू नका.

तिसरी अट प्रवेशाची. इथं पुष्कळ लोक फसतात. व्यावसायिक शिक्षणात सरकारी यादीतून, गुणांप्रमाणे प्रवेश मिळाला पाहिजे. कोणी दलाल म्हणतो, "पैसे भरा, जागा देतो." ती व्यवस्थापनाच्या कोट्यातली जागा असते. तिला फीसवलत नाही. तिथं वावर विकून पैसे भरले, तरी सरकार ते परत देत नाही.

चौथी अट हजेरीची. नाव घातले आणि गावी बसून राहिले, असे चालत नाही. शिवाय अर्ज एकदाच करून भागत नाही. दरवर्षी नूतनीकरण करावे लागते.

लेकीबाळींसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. २०२४-२५ या वर्षापासून महाराष्ट्रात आर्थिक दुर्बल, मराठा आणि ओबीसी घरांतल्या मुलींना व्यावसायिक शिक्षणात शिकवणीची आणि परीक्षेची पूर्ण फी माफ झाली आहे. घरचे उत्पन्न ८ लाखांच्या आत हवे आणि प्रवेश सरकारी यादीतून हवा. खाजगी अभिमत विद्यापीठांना ही माफी लागू नाही. म्हणून प्रवेश घेण्याआधीच विचारा. "पोरीला कशाला शिकवायचं, फी कुठून आणू?" हे बोलणे आता बंद करा.

आणि राहण्या-जेवणाचे काय? आपल्या वऱ्हाडातले डॉ. पंजाबराव देशमुख तुम्हाला ठाऊक आहेत. शेतकऱ्याच्या पोरांनी शिकावे म्हणून त्यांनी जन्मभर खटपट केली. त्यांच्या नावाने वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. व्यावसायिक शिक्षण घेणाऱ्या, अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या व नोंदणी झालेल्या मजुरांच्या मुलांसाठी तो आहे. अल्पभूधारक असल्याचा किंवा मजूर नोंदणीचा दाखला जवळ ठेवा.

अर्ज कुठे करायचा? महाडीबीटी नावाच्या सरकारी संकेतस्थळावर. मोबाइलवरून करा, नाही तर सेवा केंद्रात करा. पैसा आधारशी जोडलेल्या बँक खात्यात जमा होतो. नुसते खाते असून भागत नाही. "सरकारी पैसा याच खात्यात येईल ना?" असे बँकेत जाऊन विचारा. कोऱ्या कागदावर सही करू नका. मोबाइलवर आलेला आकडा अनोळखी माणसाला सांगू नका.

शेवटी एका मायची गोष्ट सांगतो. ती आपल्यासारख्याच एका वर्गात शिकत होती. मजुरी करून रात्री अक्षरे गिरवायची. तिच्या पोराच्या उत्पन्नाचा दाखला आला. पोरगा घाईत होता. म्हणाला, "माय, दे, भरून टाकतो." ती म्हणाली, "थांब, मी वाचते." बोट ठेवून तिने एकेक अक्षर वाचले. नवऱ्याच्या नावात एक काना राहिला होता. आधार कार्डावर नाव एक, दाखल्यावर दुसरे! दुसऱ्या दिवशी तिने मजुरी बुडवली आणि नाव दुरुस्त करून आणले. ती चूक तशीच राहती, तर अर्ज परत आला असता. मुदत निघून गेली असती, आणि पोरगा शिक्षण सोडून कामाला लागला असता.

त्या मायला काही मोठी पुस्तके वाचता येत नव्हती. पण काना ओळखता येत होता. तेवढ्याने काम झाले.

मंडळी, आता तुम्हालाही काना-मात्रा येते. आज घरी जा. पेटीतले कागद काढा. पोराचे नाव, बापाचे नाव, आडनाव, जन्मतारीख सगळ्या कागदांवर सारखी आहे का, ते स्वतः वाचा. चूक दिसली तर उद्याच तालुक्याला निघा. शिष्यवृत्तीचा अर्ज पोरगा भरेल. पण त्यातले अक्षर न् अक्षर तुम्ही वाचा.